ब्रेक जरा आधीपासून दाबा

मीरा रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकीतलं पाणी संपल्याचा मेसेज पडला तर तो तिघे वाचतात. ज्या मेसेजमध्ये 'फुकट' हा शब्द असतो तो वॉचमनसकट सगळे वाचतात. एका कंपनीच्या मोटारसायकलींमध्ये काहीतरी दोष निघालाय, ठरावीक महिन्यांत बनलेल्या गाड्यांचा तो भाग कंपनी फुकट बदलून देणार आहे, अशी बातमी शनिवारी रात्री आली आणि रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये वार्षिक सभेला कधी जमली नव्हती एवढी माणसं जमली. दोष कसला, धोका केवढा, याची चौकशी कोणी केली नाही. प्रश्न एकच होता, आपली गाडी यादीत आहे का?

ते कळायला चॅसी नंबर लागतो. तो आरसीवर असतो. पण आमच्या घरी आरसी 'नीट ठेवलेली' आहे, त्यामुळे ती सापडण्याची शक्यता नव्हती. मग नंबर गाडीवरूनच वाचायचा. हा सतरा अक्षरी मजकूर कंपनीने हँडलखाली, गाडीच्या मानेवर, जिथे फक्त वायरी आणि चिखल राहतो अशा ठिकाणी कोरलेला असतो. तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी स्वतःचा जुना टूथब्रश घेऊन उतरले. मी हँडलखाली मान घातली. एकाने मोबाइलचा टॉर्च थेट माझ्या डोळ्यात धरला.

"वाचा."

"एम, ई... पुढे आठ आहे की बी?"

"जरा घासा."

घासलं. तो आठही नव्हता, बीही नव्हता. वाळलेली माशी होती.

शेवटी नंबर मिळाला, कंपनीच्या साइटवर टाकला. सेक्रेटरींची गाडी यादीत निघाली. बी विंगमधल्या दोघांची निघाली. त्यांचं अभिनंदन झालं, एकाने तर सगळ्यांना वडापाव दिला. माझ्या नंबरापुढे उत्तर आलं, 'आपल्या वाहनाला ही मोहीम लागू नाही.' लोकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरी आलो तर बायको म्हणाली, "म्हणजे आपल्या गाडीत दोष नाही ना? मग चेहरा का पडलाय?"

"दोष आहेत गं. पण यादीतले नाहीत."

त्या दिवशी मी चिडून या विषयाचा अभ्यास केला. (माझे सगळे अभ्यास चिडूनच झालेत.) आपल्याकडे गाड्या परत बोलावण्याची रीत वाहन कंपन्यांच्या 'सियाम' या संघटनेने जुलै २०१२ पासून घातली, तीही स्वेच्छेची. कायद्याची सक्ती यायला बराच वेळ लागला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सरकारला गाडी परत बोलावण्याचा आदेश द्यावा लागला तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. तारीख १ एप्रिल असल्यामुळे आमच्यासारख्यांनी ते मनावर घेतलं नाही, पण कंपन्यांनी घेतलेलं दिसतं. पुढच्याच महिन्यात रॉयल एन्फिल्डने स्वतःहून २,३६,९६६ मोटारसायकली परत बोलावल्या. बुलेट, क्लासिक, मिटिओर. इग्निशन कॉइलमध्ये दोष होता, त्यामुळे इंजिन मिसफायर होऊ शकत होतं, क्वचित शॉर्टसर्किटही. मिसफायर हा दोष असतो हे ऐकून भाईंदरच्या काही तरुणांना धक्का बसला. त्या फटाक्यांसाठी ते सायलेन्सरवाल्याला वेगळे पैसे मोजत होते. त्याच वर्षी डिसेंबरात याच कंपनीने २६,३०० क्लासिक ३५० पुन्हा बोलावल्या, कारण मागच्या ब्रेकचा ताण झेलणारी एक पट्टी ब्रेक फार जोरात दाबला तर दगा देऊ शकत होती. इथे 'फार जोरात' या शब्दांशी मी अडखळलो. मीरा रोडला ब्रेक दाबायचा दुसरा प्रकार मला माहीत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये यामाहाने सुमारे ३ लाख स्कूटर ब्रेकच्या दांड्यासाठी बोलावल्या. त्याच वर्षी जुलैत सुझुकीने ३,८८,४११ स्कूटर. कारण काय, तर इग्निशन कॉइलची एक केबल वाकून वाकून चिरू शकते, मग गाडी चालता चालता बंद पडू शकते किंवा सुरूच होत नाही. गाडी बंद पडू शकते म्हणून पावणेचार लाखांवर गाड्या परत! हे वाचून मला आमच्या आधीच्या पिढीची दया आली. चेतकच्या जमान्यात लोकांनी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि ती घरी आल्यावर रोज सकाळी तिला आडवी करून पेट्रोल कार्बोरेटरकडे पाठवलं. साडेआठच्या सुमारास प्रत्येक कॉलनीत इस्त्रीचे शर्ट घातलेले सभ्य गृहस्थ आपापल्या स्कूटरला जमिनीकडे वाकवून उभे असत आणि शेजारून जाणारा दुसरा सभ्य गृहस्थ "घेत नाही का?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता पुढे जात असे. त्यातल्या एकानेही यंत्रात दोष आहे असं म्हटलं नाही. थंडी आहे, असं म्हणत.

नियमांत एक अट वाचली आणि माझा प्रश्न मिटला. ही सगळी तरतूद सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहे. माझी गाडी ते वय ओलांडून गेलेली. म्हणजे सरकारच्या मते आता जे काही आहे ते तिचं आणि माझं खाजगी.

याच नियमांत लोकांनीही तक्रारी नोंदवाव्यात अशी सोय आहे. एखाद्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात ठरावीक तक्रारी आल्या की चौकशी सुरू होते. कल्पना उत्तम आहे. फक्त ती करणाऱ्याने मराठी माणसाला जुनी गाडी विकताना पाहिलेलं नसावं. आपला माणूस गाडी घेण्याआधी शोरूममध्ये तिचे चाळीस दोष काढतो. घेतल्यावर त्याच गाडीबद्दल चकार शब्द ऐकून घेत नाही. सेक्रेटरींची गाडी गेल्या पावसाळ्यात काशिमीऱ्याच्या सिग्नलला रोज बंद पडायची. मी म्हटलं, तक्रार नोंदवा. ते जिन्यात इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "अहो, पुढच्या वर्षी विकायचीय. उगाच नाव कशाला खराब करता?" त्यानंतर त्यांनी गाडी विकायला काढली तेव्हा जाहिरातीत लिहिलं, 'सिंगल हँड, शोरूम कंडिशन, एकही प्रॉब्लेम नाही.' मग यादीत नाव आलं आणि फुकट पार्ट मिळणार म्हणून त्यांनी विक्री पुढे ढकलली.

परदेशातली एक गोष्ट यात सांगायलाच हवी. २०१४ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने इग्निशन स्विचच्या दोषापायी सुमारे २६ लाख मोटारी परत बोलावल्या. किल्लीला जड जुडगा लटकत असेल आणि गाडीला धक्का बसला तर स्विच आपोआप फिरून इंजिन बंद होऊ शकत होतं. दुरुस्ती होईपर्यंत मालकांनी कड्यात गाडीची एकच किल्ली ठेवावी, बाकी सगळं काढून टाकावं, असं कंपनीने सांगितलं. मी लगेच माझा जुडगा टेबलावर ठेवला. गाडीची किल्ली. घराची. घराच्या सेफ्टी डोअरची. टेरेसची, जी सोसायटीने परत मागितलीय. ऑफिसच्या ड्रॉवरची, ते ऑफिस मी सोडलंय. गावच्या घराच्या कुलपाची, ते कुलूप हरवलंय. शिर्डीचा पितळी बिल्ला. टिटवाळ्याचा गणपती. नेलकटर. आणि एक किल्ली, जी कशाची आहे हे कोणालाच माहीत नाही म्हणून टाकवत नाही. हे सगळं मी हातात तोललं आणि त्या अमेरिकन इंजिनिअरांनी मीरा-भाईंदर रस्त्यावर चाचणी का घेतली नाही याचं आश्चर्य वाटलं. त्यांना पहिल्याच आठवड्यात निकाल मिळाला असता.

कारण धक्क्याचा विषय निघाला की आमच्या शहराचा हात कोण धरणार? फाउंटनच्या चौकातून घोडबंदर रस्त्याला लागायचं आणि गायमुखचा घाट चढून ठाण्याला जायचं, एवढं पावसाळ्यात एकदा करा. गाडीचे सुटे भाग कोणते हे तुम्हाला मॅन्युअल न वाचता कळेल. सुटतात ते सुटे भाग. मला वाटतं ११०-अ या कलमात एक गोष्ट राहून गेली, त्यात रस्ता परत बोलावता येत नाही. जानेवारी २०२६ मध्ये आमचा नवा उड्डाणपूल देशभर गाजला, कारण चार पदरी जाता जाता तो अचानक दोन पदरी होतो. लोकांनी व्हिडिओ काढले, पुलाचं डिझाइन करणाऱ्याला शोधलं जाऊ लागलं. पूल बांधणाऱ्या एमएमआरडीएने खुलासा केला की हा रचनेतला दोष नाही, उरलेल्या दोन पदरांची पुढे भाईंदर पश्चिमेकडे जाण्यासाठी तजवीज आहे. लोक हसले. मी हसलो नाही. माझा मेकॅनिक मला हेच सांगत आलाय.

मेकॅनिकबद्दल मात्र सावकाश बोललं पाहिजे. त्याचं गॅरेज म्हणजे एक शटर, अर्धा फुटपाथ आणि एक मुलगा, ज्याला तो दिवसभर 'तेरा का पाना' आणायला पाठवतो आणि जो दर वेळी दुसराच पाना आणतो. मी गाडी नेतो तेव्हा तिचा आवाज बंद होतो. घरापासून गॅरेजच्या दारापर्यंत मागच्या चाकातून कुर्र-खट, कुर्र-खट असा आवाज येत असतो, रस्त्यावरचे कुत्रे मान वळवून बघतात. गॅरेजसमोर उभी केली की ती गप्प.

"काका, कहाँ है आवाज?"

"आत्ता होता."

"चला के दिखाओ."

मी पट्ट्यापट्ट्याचं टी-शर्ट घातलेल्या त्या मुलाला मागे बसवून चार फेऱ्या मारतो. आवाज येत नाही. मग मी तोंडाने काढून दाखवतो. मी माझ्या कुवतीप्रमाणे कुर्र करतो, खट करतो. मेकॅनिक डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, "हाँ, ये तो नॉर्मल है." एवढ्यात चहा पिणारे दोघे जण मत देतात. एक म्हणतो चेन ढिली आहे. दुसरा म्हणतो, नाही, बेअरिंग गेलंय, तुम्ही परत एकदा काढा आवाज. मी परत काढतो.

तरीही त्याने एकदा गाडी खोलली. संध्याकाळी घ्यायला गेलो तर ती जोडून तयार होती आणि त्याच्या तळहातावर एक नट होता.

"हा कुठला?"

"बच गया."

"बच गया म्हणजे? कुठेतरी लागत असेल ना?"

"काका, कंपनी एक्स्ट्रा देती है."

पुढे रॉयल एन्फिल्डच्या त्या २६,३०० गाड्यांची बातमी वाचताना मला सारखा तो तळहात दिसत होता. तिकडे इंजिनिअरांची फौज एका पट्टीपायी झोपत नाही आणि इकडे माझा नट त्याने एका डालड्याच्या जुन्या डब्यात टाकला. त्या डब्यात वाजलं ते ऐकून कळलं की कंपनी माझ्या आधीही पुष्कळांना एक्स्ट्रा देत आलीय.

एक मात्र कबूल करायला हवं. आपल्याकडे रायडरच्या सुरक्षेची एक यंत्रणा आहे जी कोणत्याही कायद्याने आलेली नाही. ती म्हणजे ओरडणारी अनोळखी माणसं. साइड स्टँड वर न घेता भाईंदर स्टेशनहून निघा. शंभर पावलांत पहिला रिक्षावाला ओरडतो, "स्टँड! स्टँड!" मग भाजीवाली. मग समोरून येणारा शाळकरी मुलगा सायकलवरून पायाने खुणा करतो. स्कूटरवर मागे बसलेलीची ओढणी चाकाकडे लोंबत असेल तर दोन मैलांवरून लोक धावत येतात. ज्याने स्वतः हेल्मेट कोपरात अडकवलंय तो मान आणि खांद्यामध्ये फोन पकडून, चालत्या गाडीवर वाकून तुम्हाला सांगतो, "काका, मागे हवा कमी आहे, सांभाळून जा हां." आणि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा हेडलाइट कायम चालूच राहतो, बंद करायला बटणच नाही, तरी आजही भर दुपारी समोरून येणारी माणसं हाताची पाकळी उघडझाप करून 'लाइट चालू आहे' असं कळवतात. पूर्वी मी थांबून समजावत असे. आता हात करून आभार मानतो आणि वाटलं तर त्यांनाही तीच खूण करतो. त्यांचाही चालूच असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असला की इंजिनच सुरू होत नाही म्हणे. सोय आहे, पण त्या गाडीवाल्यांशी दिवसभर कोणी बोलत नसेल.

तर माझ्या गाडीच्या यादीबाहेरच्या दोषांबद्दल. ते दोष आहेत हे मला मेहुण्यामुळे कळलं. तो वसईला राहतो, त्याची गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून चार दिवसांसाठी माझी मागायला आला. मी किल्लीचा जुडगा दिला आणि नेहमीच्या सूचना दिल्या.

"किल्ली घातलीस की जरा वर उचल, उजवीकडे फिरव, मग अर्धी परत आण. चोक ओढून धरून ठेवायचा, सोडलास तर आत जातो. सेल नाही घेतला तर किक मार, पण पाय लगेच काढ, ती उलटी येते. फर्स्ट पडत नसेल तर गाडी थोडी मागे ढकल, मग पडतो. न्यूट्रलचा दिवा लागला म्हणजे न्यूट्रलमध्ये असेलच असं नाही. पेट्रोलच्या काट्याकडे बघू नकोस, टाकी हलवून कान लाव. उजवा इंडिकेटर लावला की हॉर्न वाजतो."

"आणि हॉर्न वाजवायचा असेल तर, भावोजी?"

"उजवा इंडिकेटर लावायचा."

"ब्रेक?"

"ब्रेक फर्स्ट क्लास. फक्त जरा आधीपासून दाब."

"किती आधीपासून?"

"गोल्डन नेस्टला थांबायचं असेल तर सिल्व्हर पार्कपासून."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हेल्मेट घातलं, पट्टा लावला, तो ओढून बघितला आणि बहिणीच्या पाया पडला.

गाडी परत आणून दिली तेव्हा त्याने काही सांगितलं नाही, नुसता हसला. दुसऱ्या दिवशी मी सवयीने किल्ली वर उचलून उजवीकडे फिरवून अर्धी परत आणली, तर ती बंद झाली. सरळ फिरवली तर दिवे लागले. सेल मारला, एका झटक्यात इंजिन सुरू. मी घाबरून दोन पावलं मागे आलो. वाटलं दुसऱ्याची गाडी आहे, पण जुडग्यात टिटवाळ्याचा गणपती होता. ब्रेक शू नवे, क्लच वायर नवी, चेन घट्ट, इंडिकेटर लावला तर फक्त इंडिकेटर लागतो. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "हो, त्याने सगळं करून घेतलंय. वाढदिवसाला देणार होता, लवकर दिलं."

निघालो. वळताना हॉर्न वाजला नाही, त्यामुळे कोणी बाजूला झालं नाही. पेट्रोलचा काटा खरं दाखवत होता, त्याच्यावर विश्वास बसेना म्हणून मी चालत्या गाडीवर टाकी हलवली. आणि सिल्व्हर पार्कला, नेहमीच्या जागी, नेहमीच्या जोराने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी टाकीवर, चष्मा स्पीडोमीटरवर. मागच्या रिक्षाने करकचून ब्रेक मारला, त्याच्या मागच्या टेम्पोने त्याहून. रिक्षावाला उतरला, सिग्नल शोधू लागला. सिग्नल पार पुढे होता.

"इधर कायको रुका?"

"गोल्डन नेस्टला थांबायचंय."

त्याने जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

गाडी ढकलत गॅरेजला नेली. वाटेत तीन जणांनी विचारलं, बंद पडली का? काय सांगणार? मेकॅनिकने ब्रेक दाबून बघितला, सोडला, परत दाबला. किल्ली फिरवली, इंजिन ऐकलं. मुलाने तेराचा पाना बरोबर आणला होता, तोही हातात धरून बघत उभा राहिला.

"अच्छा काम किया है किसी ने," मेकॅनिक म्हणाला. "क्या करना है?"

"पहिल्यासारखी कर."

त्याने डालड्याचा डबा खाली घेतला, त्यात बोट फिरवलं आणि थोडा विचार केला.

"हो जाएगा, काका. पर इस काम की गॅरंटी नहीं दूँगा."